आठ मिनिटं

स्टेडियमच्या मागे, बिअरच्या रिकाम्या पिंपांशेजारी
आमची व्हॅन उभी असते. खिडकी नाही.
आत सहा पडदे, एक हीटर
आणि एमलिनचा मफलर, जो सामना संपेपर्यंत सुटत नाही.
बाहेर अख्खं वेल्श गाव ओरडत असतं,
ते आम्हांला पत्र्यातून ऐकू येतं,
शेजारच्या घरातलं भांडण यावं तसं.

एकोणपन्नासावं मिनिट.
रेफरीनं दोन्ही हात गुणाकाराच्या चिन्हासारखे छातीवर धरले,
म्हणजे पिवळं कार्ड त्याचं,
ते लाल करायचं की नाही, ते माझं.
इनोके बाहेर येऊन बसला.
टोंगाचा, पाच नंबर. खुर्ची इतकी बुटकी
की गुडघे हनुवटीशी आले.
त्याला दहा मिनिटं. मला आठ.

"मागचा कॅमेरा," मी म्हणते.
खांदा. जबडा.
"डावीकडचा."
खांदा. जबडा.
हातच्या काकणाला आरसा कशाला?
पण इथे काकण एक आणि आरसे सहा,
आणि प्रत्येकात मनगट वेगळं.

डोक्याला लागलं का? लागलं.
चूक त्याची का? हो, वाकलाच नाही.
जोर होता का? होता.
शिक्षा हलकी करावी असं काही दिसतं का?
या पायरीवर मी नेहमी रेंगाळते.

हळू चालवलं की प्रत्येक माणूस खुनी दिसतो.
हात कसा बेतून निघतो,
नजर आधीच जाऊन पोचलेली,
घामाचा थेंबसुद्धा विचार करून पडतो.
खऱ्या वेगात लावलं
तर दोन माणसं एकाच दारातून घुसली, एवढंच.
पाव सेकंद.
तेवढ्यात मला माझं नावही आठवणार नाही,
आणि मी त्याचा हेतू शोधते आहे.

माझे वडील, इदवाल, बावीस हिवाळे
स्क्रमच्या पहिल्या ओळीत डोकं खुपसून उभे होते.
तेव्हा कॅमेरा एकच, आणि तोही धुक्यात.
रेफरीची पाठ वळली की न्याय मुठीनं व्हायचा,
आणि रात्री तीच दोघं एका बाकावर बसून
सुजलेल्या ओठांनी प्यायची.
हे सांगताना ते हसायचे.
आता बुटाची नाडी हातात धरून बसतात,
तिच्या दुसऱ्या टोकाला काय असतं ते विसरून.

एमलिनला हे ठाऊक आहे.
पडद्यावरची नजर न हलवता तो विचारतो,
"ही तू करणार आहेस ना, तेगवेन?"
करणार आहे.

पाचवं मिनिट. कोपऱ्यातल्या झेंड्याजवळचा कॅमेरा,
ज्याच्या काचेवर अर्धा सामना चिखल होता.
आणि तिथे: धडकेच्या आधी
गेथिनचा पाय घसरतो. तो खाली येतो.
वीतभर.
मी ती वीत पुढे नेते, मागे नेते,
अकरा वेळा. नसावी, असं वाटत राहतं.
(हे अहवालात लिहायला रकाना नाही.)

तिसऱ्या पडद्यावर गेथिन मैदानाबाहेर चाललेला.
तो दुसऱ्या संघाच्या बाकाकडे वळला.
डॉक्टरनं कोपराला धरून त्याला अलगद फिरवलं,
जसं आपण घरातल्या माणसाला फिरवतो.
हे मी मोजायचं नसतं.
परिणाम म्हणजे पुरावा नव्हे,
प्रशिक्षणात हे मीच शिकवते.

सात मिनिटं चाळीस.
माइकचं बटण दाबून मी म्हणाले,
"पिवळंच राहू दे."
पत्र्याबाहेर अर्धं गाव भडकलं.
इनोके उठला, गुडघे झटकले, धावत आत गेला,
व्हॅनकडे बघितलंही नाही.
का बघेल?

रविवारी वडिलांच्या डोळ्यांत अचानक एक खिडकी उघडली.
"काल सामना होता ना? कोण जिंकलं?"
मी कपात साखर ढवळत बसले.
चार सेकंदं मला जबड्यापासून टाचेपर्यंत पाठ होती.
"आठवत नाही, बाबा," मी म्हणाले.
आणि खरंच
आठवत नव्हतं.